वाघापेक्षा मक्यावरची अळी: स्टॉक साइटवर निसर्गाचे फोटो विकताना

स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो वापरण्याचे परवाने ऑनलाइन विकणाऱ्या संकेतस्थळावर, खातं उघडलं की बहुतेक जण आधी ताडोब्याचा वाघ चढवतात, मग कासचं पठार, मग एखादा सूर्यास्त. फोटो चांगले असतात, मंजूरही होतात, आणि वर्षभर त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. फोटो विकत घेणारा माणूस तिथे प्रदर्शन बघायला आलेला नसतो. त्याला उद्या मासिकाचं पान लावायचं असतं, कीटकनाशकाच्या पत्रकावर चित्र हवं असतं, पाठ्यपुस्तकातला धडा पुरा करायचा असतो. तो शोधपट्टीत नेमका शब्द टाकतो आणि पहिल्या दोन-तीन पानांवर जे दिसेल त्यातून निवडतो. 'टायगर' या शब्दाला तिथे आधीच इतके फोटो आहेत की नव्या खात्यातला वाघ कितीही देखणा असला तरी तो तळाशीच राहतो.

माझं ठाम मत असं आहे: या बाजारात महाराष्ट्रातल्या फोटोग्राफरकडे असलेली खरी मालमत्ता लेन्स नसून ओळख आहे. आपल्या शेतात, बांधावर, परसात, डोंगरउतारावर जे आहे त्याचं बरोबर नाव ज्याला माहीत आहे, त्याचा फोटो सापडतो. सापडला तर विकला जातो.

सगळ्यात चांगलं उदाहरण मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचं, म्हणजे फॉल आर्मीवर्मचं. ही कीड भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली आणि बघता बघता देशभर पसरली. कृषी मासिकं, बियाणं कंपन्या, कृषी विद्यापीठांची पत्रकं, परदेशी बातमीपत्रं, सगळ्यांना तिचा फोटो लागतो. पण लष्करी अळी आपल्याकडे आधीपासूनही होती, ती वेगळ्या जातीची, मायथिम्ना सेपराटा. 'कॅटरपिलर ऑन कॉर्न' एवढंच लिहून चढवलेला फोटो जाणकार संपादक घेत नाही, कारण ती नेमकी कोणती अळी आहे याची त्याला खात्री देता येत नाही.

म्हणून फोटोतच पुरावा दिसला पाहिजे. फॉल आर्मीवर्मच्या डोक्यावर फिकट रंगाचा उलटा इंग्रजी वाय असतो, आणि शेपटीकडून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात बसवल्यासारखे असतात. पूर्ण वाढलेली अळी तीन ते चार सेंटीमीटर असते. तेव्हा किमान दोन फ्रेम हव्यात: एक समोरून, डोक्यावरचा वाय स्पष्ट दिसेल अशी, आणि एक वरून, चारही ठिपके दिसतील अशी. त्याशिवाय पोंग्यातली (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीतली) ओली विष्ठा, पानावरच्या ओळीने पडलेल्या भोकांची रांग आणि राखाडी केसाळ आवरणाखालचा अंडीपुंज, हे तीन वेगळे फोटो. एका शेतातून पाच वेगवेगळ्या गरजांचे पाच फोटो निघतात, आणि 'एकसारखे फोटो' हा शेरा मारून त्यातला एकही परत येत नाही.

फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावा, दुपारी अळी पोंग्यात खोल जाऊन बसते. १०० मिमी मॅक्रो लेन्सने एकास एक आकारात, म्हणजे अळी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडेल असा, फोटो घेताना फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/११ ला फोकसची खोली दीड मिलिमीटरसुद्धा मिळत नाही. मग लोक एफ/२२ लावतात आणि तिथेच फसतात. एकास एक आकारात लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात दुप्पट आकड्याएवढं काम करतं, म्हणजे एफ/२२ हे एफ/४४ होतं, आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) अख्खा फोटोच मऊ पडतो. तपासणीत तो 'आउट ऑफ फोकस' म्हणून नाकारला जातो. एफ/८ ते एफ/११ वर थांबावं, कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरावा आणि फोकस डोक्यावर ठेवावा. फ्लॅश लावायचा तर मोठ्या डिफ्यूझरमधून, नाहीतर अळीच्या गुळगुळीत अंगावर पांढरे चट्टे उठतात. आठ-दहा फ्रेमचं फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या फ्रेम जोडणं) चालतं, पण अळी हलली असेल तर कडांना दुहेरी रेषा येते आणि केसांभोवती धूसर वलय राहतं. शंभर टक्के झूमवर कडा एकेक करून बघितल्याशिवाय स्टॅक केलेला फोटो पाठवू नये.

आता लिहायचा भाग, जो बहुतेक लोक कंटाळून उरकतात. शीर्षक साधं, वर्णनात्मक वाक्य असावं: फॉल आर्मीवर्म अळी मक्याच्या पोंग्यात, डोक्यावर उलटा वाय, महाराष्ट्र, भारत. हे सगळं अर्थातच इंग्रजीत. कीवर्ड्सची मर्यादा साइटप्रमाणे बदलते. शटरस्टॉकला किमान ७ आणि जास्तीत जास्त ५० लागतात, अ‍ॅडोबी स्टॉकला ४९ पर्यंत चालतात. अ‍ॅडोबीवर क्रमाला वजन आहे, पहिले दहा शब्द सगळ्यात महत्त्वाचे. अलामीवर पन्नास टॅगपैकी दहा 'सुपरटॅग' म्हणून निवडता येतात. या फोटोसाठी पहिले दहा शब्द मी असे लावेन: फॉल आर्मीवर्म, स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा, मेझ, कॉर्न, पेस्ट, कॅटरपिलर, लार्व्हा, क्रॉप डॅमेज, अ‍ॅग्रिकल्चर, इंडिया. मेझ आणि कॉर्न दोन्ही मुद्दाम घातले आहेत. अमेरिकन ग्राहक कॉर्न शोधतो, भारतातला आणि ब्रिटनमधला मेझ. वांग्याचं तेच, ब्रिंजल, एगप्लांट आणि ऑबर्जीन तिन्ही हवेत. भेंडीला ओक्रा आणि लेडीज फिंगर दोन्ही. पन्नास जागा आहेत म्हणून 'नेचर, ब्यूटिफुल, ग्रीन, वॉलपेपर' असली भरती करू नका. चुकीच्या शोधात फोटो दिसतो, कोणी क्लिक करत नाही, आणि पुढे खऱ्या शोधातही तो मागे पडतो.

हे शब्द साइटवर टाइप करण्यापेक्षा फाइलमध्येच आयपीटीसी मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत जाणारी लेखी माहिती, म्हणून भरावेत. लाइटरूम, ब्रिज किंवा फुकट मिळणारं डिजिकॅम, कशातही ते होतं. एकदा भरलं की तीच फाइल सगळ्या साइटवर शब्दांसकट जाते.

पक्ष्यांमध्येही ओळखीचाच प्रश्न येतो. भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात दिसतात ते मुख्यतः मोठे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने असतात ते छोटे रोहित. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, छोट्याची चोच गडद लालसर-काळपट आणि अंगाचा गुलाबी रंग जास्त गडद. 'फ्लेमिंगोज इन इंडिया' लिहिलेला थवा आणि 'लेसर फ्लेमिंगो, फीनिकोनायस मायनर, ठाणे क्रीक' लिहिलेला थवा यात दुसऱ्याला गिऱ्हाईक जास्त, कारण ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि त्यावर लेख येतच राहतात. एकाच थव्यात दोन्ही जाती असतील तर दोन्ही नावं द्या, पण चोच दिसत नसेल इतका लांबचा थवा असेल तर जातीचं नाव सोडून द्या. जातीची ओळख पटत नसेल तिथे तिच्या वरच्या गटापर्यंतच (जीनस) थांबावं. आयनॅचरलिस्ट, ईबर्ड, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर पडताळून घ्यावं आणि पिकांवरच्या किडींसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फोटो दाखवावा. शास्त्रीय नावं बदलतात तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही कीवर्डमध्ये ठेवायचं. आंबोलीचा मलबारी चापडा हा साप आता क्रास्पेडोसेफॅलस मलबारिकस आहे, पण जुन्या संदर्भांमुळे अनेक जण त्याला ट्रायमेरेसुरस म्हणूनच शोधतात.

पक्ष्यांच्या फोटोत आणखी एक हिशेब आधी करून ठेवावा लागतो, क्रॉपचा. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक दोन्हीकडे किमान चार मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० असतो. त्यातून पक्षी कापून २४०० बाय १६०० केला तर होतात ३.८४ मेगापिक्सेल, म्हणजे फोटो आपोआप परत. २५०० बाय १६६७ ठेवला तर पास. अलामीची अट वेगळ्या भाषेत आहे: जेपीईजी उघडल्यावर किमान १७ एमबी. ३००० बाय २००० चा फोटो यात जेमतेम बसतो. म्हणून क्रॉपची खालची मर्यादा ३००० बाय २००० धरावी, मग तीच फाइल सगळीकडे चालते. सॉफ्टवेअरने ताणून मोठा केलेला फोटो पाठवू नये, पिसांची रेघ मेणासारखी दिसते आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

सह्याद्रीतल्या पावसाळी फोटोंना नकार मिळण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, नॉइज. जून-जुलैत झाडीखाली उजेड इतका कमी की आयएसओ ३२०० च्या खाली येत नाही. तो चालतो, पण फोटो काळा घेऊन नंतर उजळायचा नाही. सावलीतला नॉइज तिथूनच येतो. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजवीकडे ठेवून घ्यावा. दुसरं, पांढऱ्या ढगाळ आकाशासमोरच्या काळ्या फांद्या. त्यांच्या कडेला जांभळी-हिरवी झालर येते. लाइटरूममध्ये रंगविपथन काढायची खूण करून शिवाय डीफ्रिंज वापरावं लागतं. तिसरं, धुक्याच्या फोटोत सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके. नुसत्या डोळ्यांनी ते सुटतात, 'व्हिज्युअलाइज स्पॉट्स' लावून बघा, मग दिसतात. चौथं, हिरवा रंग. पावसाळ्यात डोंगर मुळातच हिरवागार असतो, त्यावर सॅच्युरेशन वाढवलं की गवत प्लास्टिकचं वाटतं आणि रंगाचे सगळे थर एकच होऊन जातात. मी उलट हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं कमी करायला सांगेन.

मोबाइलचे फोटोही घेतले जातात, पण मोबाइल स्वतःच नॉइज पुसून टाकतो. शंभर टक्के झूमवर पानं जलरंगात काढल्यासारखी दिसतात. भर उन्हात, झूम न करता, मुख्य कॅमेऱ्याने घेतलेला फोटोच पाठवण्यासारखा असतो.

फाइल पाठवताना जेपीईजी, पूर्ण दर्जा, एसआरजीबी रंगप्रणाली. नाव, वॉटरमार्क, तारीख, चौकट काही नको. अ‍ॅडोबीला ४५ एमबी आणि १०० मेगापिक्सेलची वरची मर्यादा आहे, जी पॅनोरामा करताना ओलांडली जाते. अलामीवर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: एका गठ्ठ्यातला एक फोटो नापास झाला तर पूर्ण गठ्ठा परत येतो. म्हणून तिथे पाच-सहाच्या छोट्या गठ्ठ्यांनी पाठवणं शहाणपणाचं.

प्राण्यापक्ष्यांना मॉडेल रिलीज (फोटोतल्या व्यक्तीचं सही केलेलं संमतीपत्र) लागत नाही. पण फ्रेमच्या कोपऱ्यात गाइडचा चेहरा, जीपची नंबरप्लेट, फवारणी पंपावरचं कंपनीचं नाव असलं की व्यावसायिक परवान्यासाठी फोटो चालत नाही. एकतर ते काढा, नाहीतर संपादकीय, म्हणजे फक्त बातम्या-लेखांसाठीचा फोटो, म्हणून द्या. शटरस्टॉकला संपादकीय फोटोची ओळ ठरलेल्या साच्यात हवी: गाव, राज्य किंवा देश, मग तारीख, मग काय घडतंय ते. शेतकऱ्याच्या हातातलं कणीस चालतं, चेहरा ओळखू येत असेल तर सहीचा कागद घ्यावाच. प्राणिसंग्रहालयातला प्राणी असेल तर 'कॅप्टिव्ह' लिहा. जंगली म्हणून खपवणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांत फोटोग्राफीच्या परवानगीचा विषय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली येतो. व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर आधी वन विभागाकडे विचारणा करावी. परवानगीशिवाय ड्रोन तर मुळीच नाही. शेत, माळरान, परसबाग, देवराई, नदीकाठ इथे हा प्रश्न येत नाही, हाही किडी-फुलांकडे वळण्याचा एक फायदा. घरट्याजवळचे फोटो मात्र कुठेही घेऊ नयेत. आणि दुर्मीळ बेडूक, साप, ऑर्किड यांच्या फाइलमधली जीपीएस माहिती पाठवण्याआधी पुसून टाका. लाइटरूममध्ये निर्यात करताना स्थान काढून टाकायची खूण असते. वर्णनात 'पश्चिम घाट, महाराष्ट्र' एवढं पुरतं. आंबोलीचा नेमका ओढा जगाला सांगायची गरज नाही. कासला फोटोसाठी फुलांत गुडघे टेकून बसणं हेही मला गुन्ह्याइतकंच वाटतं.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. शटरस्टॉकवर जून २०२० पासून फोटोग्राफरच्या वाट्याच्या सहा पायऱ्या आहेत. वर्षातल्या पहिल्या शंभर डाउनलोडवर १५ टक्के, मग २५० पर्यंत २० टक्के, ५०० पर्यंत २५, असं चढत ४० टक्क्यांपर्यंत. दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. सबस्क्रिप्शनमधल्या एका डाउनलोडला १० सेंटसुद्धा मिळू शकतात, म्हणजे आठ-नऊ रुपये. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देते आणि पायऱ्यांची भानगड नाही. आयस्टॉक अनन्य करार (फोटो फक्त त्यांच्याकडेच द्यायचा करार) नसलेल्यांना १५ टक्के देते. अलामीवर विक्री कमी होते पण एकेका विक्रीची रक्कम मोठी असते, आणि पाठ्यपुस्तकं, नियतकालिकं तिथे शास्त्रीय नावाने शोधतात. नुसतं 'महाराष्ट्रातल्या रानातलं फूल' तिथे पडून राहतं. ग्राहकाचे पैसे यायला काही महिने लागू शकतात, हे गृहीत धरावं.

तोच फोटो अनन्य करार न करता या सगळ्या साइटवर ठेवता येतो आणि तसंच ठेवावं. जानेवारी २०२५ मध्ये गेटी (आयस्टॉकची मालक कंपनी) आणि शटरस्टॉकने विलीनीकरण जाहीर केलं. कोणत्या साइटचे दर पुढच्या वर्षी काय असतील हे आपल्या हातात नसतं, म्हणून एकाच दारात सगळा माल टाकू नये.

पैसे पेपॅल किंवा पेओनिअरमधून येतात. अ‍ॅडोबीवर २५ डॉलर, अलामीवर ५० डॉलर झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. अमेरिकन साइटवर डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तीसाठीचा अमेरिकन कराचा फॉर्म भरणं आवश्यक आहे. तो भरून पॅन क्रमांक दिला की भारत-अमेरिका कर कराराच्या कलम १२ नुसार रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो, नाहीतर ३० टक्के. कपात फक्त अमेरिकेतल्या ग्राहकांच्या विक्रीवर होते. फॉर्मची मुदत सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेर संपते. ती तारीख लिहून ठेवावी. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र जपून ठेवलं तर भारतातल्या विवरणपत्रात त्याची वजावट मागता येते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि तो वेळेत भरावा लागतो. बँकेत डॉलर आल्याचा दाखलाही मागून ठेवा.

एआयने बनवलेल्या चित्रांचा प्रश्न सगळेच विचारतात. शटरस्टॉक योगदान देणाऱ्यांकडून अशी चित्रं घेत नाही. अ‍ॅडोबी घेते, पण तसं लेबल लावावं लागतं, आणि ग्राहकाला ती चित्रं शोधातून वगळता येतात. आपल्या खऱ्या फोटोत जनरेटिव्ह फिलने (फोटोशॉपमधल्या एआय साधनाने) फांदी पुसली तर तोही फोटो त्याच नियमाखाली येऊ शकतो. म्हणून निसर्गाच्या फोटोत ते साधन वापरूच नये. साध्या क्लोन स्टँपने एखादी काडी काढणं वेगळं. सूर्यास्त, धुकं, हिरवं पान अशा सर्वसाधारण चित्रांचा धंदा एआयने खाल्लाय हे खरं. पण कृषी अधिकाऱ्याला पत्रकावर अळीच्या डोक्यावरचा खरा वाय हवा असतो, आणि पाठ्यपुस्तकाच्या संपादकाला शेकरूच्या शेपटीचा खरा रंग.

फोटो कधी चढवायचा हे कधी काढायचा याइतकंच महत्त्वाचं आहे. मासिकं आणि जाहिरात संस्था दोन-तीन महिने आधी शोधाशोध करतात. गेल्या पावसाळ्यातले भात लावणीचे, काजव्यांचे, ढगांचे फोटो मार्च-एप्रिलमध्ये साइटवर हवेत. आंब्याचा मोहोर नोव्हेंबरात चढवावा, जरी तो आपल्या झाडाला जानेवारीत येणार असला तरी. कापसावरची गुलाबी बोंडअळी जून-जुलैत. बोंड फोडून आतली अळी, डागाळलेला कापूस आणि न उमललेलं, गुलाबासारखं मिटलेलं फूल, अशा तीनही अवस्था एकत्र ठेवाव्यात. चढवताना आडवा फोटो आणि उभा फोटो दोन्ही द्यावेत, आणि एका बाजूला मजकूर बसेल इतकी मोकळी जागा सोडलेली एक फ्रेम तरी असावी. जाहिरातवाले पहिल्यांदा तीच उचलतात.